हृदयाचा रूढव्रण आणि ई.सी.जी.ची साक्ष

गेल्या ज्येष्ठात मनमाडच्या आमच्या चिकित्सालयात एक गृहस्थ गुडघेदुखीसाठी आले. रेल्वेच्या इंजिनीअरिंग वर्कशॉपमधून निवृत्त, वय एकसष्ट, बारा वर्षांचा मधुमेह. कोणी तरी गुग्गुळाची स्तुती केली होती म्हणून 'गुग्गुळाच्या गोळ्या द्या' एवढीच त्यांची मागणी होती. मोठ्या आजारांचे कागद नीट सांभाळून ठेवणाऱ्यांपैकी ते एक. पिशवीतून त्यांनी फाईल काढली. तीत एक काळा ठिक्कर पडलेला, प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद होता. "हा ई.सी.जी. आहे, डॉक्टरसाहेब. खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून घेतलं, तर सगळाच काळा झाला," असे ते खेदाने म्हणाले. ई.सी.जी.चा कागद उष्णतेने उमटणारा असतो. लॅमिनेशनच्या तप्त रुळांखालून गेला की तो संपूर्ण काळा होतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सुदैवाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या दुसऱ्या ई.सी.जी.ची झेरॉक्स त्याच फाईलमध्ये होती. तिच्या कोपऱ्यात पेनाने 'ठीक' असा शेरा मारलेला होता.

ती झेरॉक्स आम्ही खिडकीशी नेऊन पाहिली. दोन, तीन आणि ए.व्ही.एफ. या तिन्ही लीडमध्ये प्रत्येक ठोक्याच्या आरंभी रेघ आधी खोल खाली जात होती आणि मगच वर चढत होती. हा खड्डा एका लहान चौकोनाहून रुंद होता. गृहस्थांना छातीत कधी दुखले नव्हते. हृदयविकाराचे नाव त्यांनी किंवा त्यांच्या पत्नीने कधी ऐकले नव्हते. तरीही त्या कागदावर हृदयाच्या खालच्या भिंतीवरील जुन्या जखमेचा वण स्पष्ट होता.

आम्ही त्यांचे जुने केसपेपर काढले. दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळची नोंद आमच्याच हस्ताक्षरात होती: रात्रीपासून छर्दी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, स्वेदाधिक्य, निदान अम्लपित्त. सूतशेखर व कामदुधा दिल्याचे खाली लिहिले होते. त्यांच्या पत्नीला ती रात्र आठवत होती. "रात्रभर घाम पुसत होते मी. तुम्ही म्हणालात, पित्त आहे, उतरेल." पुढच्या हिवाळ्यात ज्वर-प्रतिश्यायासाठी पाच दिवस त्रिभुवनकीर्ती दिल्याचीही नोंद होती. ती वाचून आम्ही काही काळ स्तब्ध बसलो. प्रस्तुत लेखाचे कारण त्या दोन नोंदी होत.

व्रणवस्तू

आपल्या शास्त्राला व्रण अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात व्रण या शब्दाची जी निरुक्ती दिली आहे, तिचा आशय असा, की जखम भरून आल्यावरही तिचे चिन्ह देह असेपर्यंत नाहीसे होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणावे. त्वचेवरील वण डोळ्यांना दिसतो. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे, आणि तेथील वण कोणास दिसत नाही. शास्त्रकारांनी व्रणवस्तूंच्या गणनेत त्वचा, मांस, सिरा, स्नायू, अस्थी, संधी व कोष्ठ यांबरोबर मर्माचाही समावेश केला आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

आधुनिक वर्णन थोडक्यात असे. हृदयास रक्त पुरविणारी धमनी बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या मांसपेशी मरू लागतात. मृत पेशींचा निचरा होऊन सहा ते आठ आठवड्यांत त्यांच्या जागी घट्ट, तंतुमय पांढरी ऊती तयार होते. ही ऊती आकुंचन पावत नाही आणि तिच्यातून विद्युत्‌प्रवाहही जात नाही. या दोन दोषांतील दुसऱ्यामुळेच वण कागदावर उमटतो. प्राणाला धोकाही बहुधा त्यातूनच उद्भवतो.

धमनीरोध हे सर्वांत मोठे कारण असले तरी ते एकमेव नाही. हृत्स्नायूच्या शोथानंतर वण राहतो, काही आनुवंशिक विकारांत राहतो, दक्षिण अमेरिकेत शागास नावाच्या परोपजीवी रोगाने राहतो. आपल्या देशाच्या दृष्टीने एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. हैदराबादचे डॉ. कलंबूर नरसिंहन आणि सहकारी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगाने धावणाऱ्या हृत्स्पंदनाच्या काही रुग्णांमध्ये हृदयात ग्रंथिमय शोथ आणि छातीतील लसीकाग्रंथींची वाढ आढळली. त्यांतील काहींच्या मुळाशी क्षयरोग होता. तेव्हा राजयक्ष्म्याचा पूर्वेतिहास असलेला रुग्ण 'छाती धडधडते' म्हणून आला, तर त्याला नुसता वातप्रकोप म्हणून परत पाठविणे उचित नव्हे.

मृत भिंतीची खिडकी

हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचा गॅल्व्हानोमीटर सिद्ध केला. त्याचे वजन सुमारे पावणेतीनशे किलो होते आणि तो चालविण्यास पाच माणसे लागत. 1905 साली त्यांनी रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाचे विद्युत्‌संकेत दीड किलोमीटर लांब तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले. तारायंत्राच्या साहचर्याने वाढलेल्या आमच्या रेल्वेच्या गावास याचे विशेष कौतुक वाटावे. 1924 साली आइंथोव्हेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील हॅरल्ड पार्डी यांनी 1920 साली धमनीरोधाच्या वेळी लहरींत होणारा बदल वर्णिला, आणि 1930 च्या दशकात फ्रँक विल्सन यांनी छातीवरील लीडचा पाया घातला. आज आपण जो बारा लीडचा आलेख पाहतो, तो 1942 साली इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी घातलेल्या भरीनंतर पूर्ण झाला.

वण आलेखावर कसा दिसतो, हे विल्सन यांच्या विचाराने चांगले समजते. प्रत्येक लीड हृदयाकडे एका दिशेने पाहणारा डोळा मानावा. विद्युत्‌प्रवाह त्या डोळ्याकडे येत असेल तर रेघ वर जाते आणि दूर जात असेल तर खाली जाते. निरोगी हृदयात समोरच्या भिंतीचा प्रवाह डोळ्याकडे येतो व रेघ वर चढते. ती भिंत मृत झाली की तेथून काहीच येत नाही. जणू भिंतीस खिडकी पडते आणि डोळ्यास पलीकडची भिंत दिसू लागते. पलीकडच्या भिंतीचा प्रवाह डोळ्यापासून दूर जात असल्याने ठोक्याच्या आरंभीच रेघ खाली जाते. हीच विकृत क्यू लहर होय.

मोजमाप कठीण नाही. कागद सेकंदास 25 मिलिमीटर वेगाने धावतो, म्हणजे एक लहान चौकोन 0.04 सेकंदाचा, आणि एक मिलिव्होल्टसाठी रेघ 10 मिलिमीटर चढते. क्यू लहरीची रुंदी एका लहान चौकोनाएवढी वा अधिक, खोली तिच्यापुढील आर लहरीच्या चतुर्थांशाहून अधिक, आणि हे चित्र शेजारच्या किमान दोन लीडमध्ये असेल तर वणाचा संशय घ्यावा, असा जुना नियम आहे. आताची आंतरराष्ट्रीय व्याख्या अधिक सैल असून बहुतेक लीडमध्ये 0.03 सेकंद रुंदी व एक मिलिमीटर खोली पुरेशी मानते. दोन, तीन व ए.व्ही.एफ. खालच्या भिंतीकडे पाहतात, व्ही-1 ते व्ही-4 पुढच्या भिंतीकडे, तर एक, ए.व्ही.एल., व्ही-5 व व्ही-6 बाजूच्या भिंतीकडे. मागच्या भिंतीकडे थेट पाहणारा डोळा नसल्याने तेथील वण व्ही-1 व व्ही-2 मध्ये उलटा, म्हणजे उंच व रुंद आर लहरीच्या रूपाने दिसतो. तो नजरेतून निसटणे सर्वांत सोपे.

प्रत्येक क्यू लहर वणाचीच असते असे नाही. एक, ए.व्ही.एल., व्ही-5 व व्ही-6 मध्ये बारीकशी क्यू निरोगी माणसातही असते. केवळ तीन क्रमांकाच्या लीडमधील एकटी क्यू बहुधा निरर्थक. डाव्या शाखेचा रोध, हृत्स्नायूची विकृत जाडी, विद्युत्‌वहनाचा जन्मजात आडमार्ग या सर्वांत खोटी क्यू दिसू शकते. उलटपक्षी, वण असूनही क्यू नसणे किंवा काही वर्षांनी ती विरून जाणे हेही घडते.

इलेक्ट्रोड चुकीच्या जागी लावल्याने होणारा घोटाळा याहून अधिक प्रमाणात होत असावा, अशी आमची समजूत आहे. व्ही-1 व व्ही-2 चौथ्या आंतरपर्शुकीय अवकाशात लावावेत असा नियम असता ते सर्रास दुसऱ्या-तिसऱ्या अवकाशात लावले जातात, आणि मग पुढच्या भिंतीवर नसलेला वण दिसू लागतो. जेली अंमळ सढळ हाताने लावली की एका इलेक्ट्रोडची जेली दुसऱ्याशी मिळते आणि व्ही-1 पासून व्ही-6 पर्यंत एकच चित्र छापले जाते. वैशाखातल्या घामाने तेच होते. पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येणाऱ्या गावात रुग्णाची छाती स्वच्छ पुसून घ्या म्हणणे कानास विचित्र वाटेल, तरी ओल्या फडक्याचा एक हात पुरतो.

क्यूच्या पलीकडे

क्यू लहर ही मोठ्या वणाची खूण. लहान, तुकड्यातुकड्यांत विखुरलेला वण मागे काय ठेवतो, या प्रश्नावर 2006 साली एक महत्त्वाचे उत्तर आले, आणि तेही एका भारतीय नावाच्या वैद्याकडून. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे काम करणारे डॉ. मिथिलेश दास आणि सहकारी यांनी 479 रुग्णांच्या आलेखांची तुलना किरणोत्सर्गी द्रव्याने घेतलेल्या हृदयाच्या चित्रांशी केली. क्यूआरएस या मुख्य लहरीवर जादा खाचा असतील आणि त्या एकाच धमनीच्या प्रदेशातील शेजारच्या दोन लीडमध्ये असतील, तर तिला त्यांनी खंडित क्यूआरएस म्हटले. प्रवाह वणाला वळसा घालून वेड्यावाकड्या वाटेने जातो, म्हणून लहर तुटक उमटते, असा त्यामागील विचार आहे. त्यांच्या पाहणीत वण असलेल्या शंभरांपैकी सुमारे 86 जणांत ही खूण आढळली, तर क्यू केवळ 36 जणांत. मात्र वण नसलेल्यांना निर्दोष ठरविण्यात क्यू सरस ठरली. तिची अचूकता 99 टक्के, खंडित लहरीची 89 टक्के. नंतरच्या काही अभ्यासांत खंडित लहरीची संवेदनशीलता बरीच कमी भरली, म्हणून एकट्या तिच्यावर निदान उभारू नये.

आपल्याकडील यंत्रांविषयी येथे एक सूचना आवश्यक आहे. वीजप्रवाहाची घरघर आणि रुग्णाचा थरथराट झाकण्यासाठी लहान दवाखान्यांत यंत्राची गाळणी कायम 35 वा 40 हर्ट्‌झवर चालू ठेवतात. रेघ सुबक येते, परंतु लहरीवरील बारीक खाचाही त्याच गाळणीत गाळल्या जातात. प्रौढांसाठी वरची मर्यादा 150 हर्ट्‌झ असावी अशी शिफारस आहे. कागदाच्या तळाशी हा आकडा छापलेला असतो, तो वाचण्याची सवय ठेवावी. पंखा व इन्व्हर्टर बंद करून, रुग्णास चादर देऊन, गाळणीविना काढलेला थोडा खडबडीत आलेख गाळून गुळगुळीत केलेल्या आलेखापेक्षा अधिक बोलका असतो.

याहून सूक्ष्म संकेत उघड्या कागदावर दिसतच नाहीत. वणाच्या कडेला जिवंत तंतू मृत तंतूंमध्ये अडकलेले असतात. त्यांतून प्रवाह इतका मंद जातो, की मुख्य लहर संपल्यावर काही मायक्रोव्होल्टचे क्षीण अवशेष उरतात. 1980 च्या दशकात शेकडो ठोक्यांची सरासरी काढून हे अवशेष वेगळे करण्याची पद्धत रूढ झाली. ठोका प्रत्येक वेळी सारखाच असतो, गोंगाट मात्र दर वेळी निराळा. म्हणून 200 ठोक्यांची सरासरी काढली की गोंगाट सुमारे चौदाव्या हिश्शावर येतो आणि ठोका तसाच राहतो. गाळलेली लहर 114 मिलिसेकंदांहून लांब, तिच्या शेवटच्या 40 मिलिसेकंदांतील ताकद 20 मायक्रोव्होल्टहून कमी, आणि 40 मायक्रोव्होल्टखालचे शेपूट 38 मिलिसेकंदांहून लांब, या त्या पद्धतीच्या मर्यादा. अवशेष नसतील तर दिलासा मिळतो. असतील तर मात्र निश्चित काही सांगता येत नाही, यामुळे तिचा वापर आज मागे पडला आहे.

थेट पुरावा हृदयाच्या आतूनच मिळतो. मांडीच्या शिरेतून वा धमनीतून तार हृदयात नेऊन आतील भिंतीला ठिकठिकाणी स्पर्श करायचा आणि प्रत्येक ठिकाणचा विद्युद्दाब संगणकावर नकाशाच्या रूपाने मांडायचा. 2000 साली फिलाडेल्फिया येथील फ्रान्सिस मार्क्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी वापरलेल्या मर्यादा आजही प्रमाण मानल्या जातात. 1.5 मिलिव्होल्टच्या वर निरोगी स्नायू, 0.5 च्या खाली घट्ट वण, आणि मधला पट्टा सीमेचा. खरा धोका या सीमेत राहतो.

आमच्या गावच्या माणसाला हे समजावण्यास कष्ट पडत नाहीत. निरोगी स्नायू ही दुहेरी लाईन. वणाच्या सीमेत एकेरी लाईन, तीही मंद गतीची. एखादा अवेळी ठोका त्या एकेरी लाईनवर शिरला तर रांगत रांगत पलीकडे पोचतो, आणि तोवर मागची लाईन मोकळी झालेली असते. मग तोच संकेत पुन्हा मागे वळून घुसतो आणि गोल फिरत राहतो. मिनिटास दीडशे-दोनशे ठोके पडू लागतात, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. गावात 'चांगला होता, एकदम गेला' असे म्हणतात, त्यांपैकी कित्येकांच्या हृदयात असा जुना वण असतो.

वेदना नसलेले हृच्छूल

वेदनेविना हृदयरोग संभवतो का, असे अनेक वैद्यबंधू विचारतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातील नागरिकांचे ई.सी.जी. दर दोन वर्षांनी काढले जात. विल्यम कॅनेल आणि रॉबर्ट ॲबट यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार तेथे हृत्स्नायूचा नाश झालेल्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक रुग्णांचा रोग केवळ या नियमित आलेखामुळे उघड झाला. त्यांतील सुमारे निम्म्यांना काहीच जाणवले नव्हते. उरलेल्यांना काही ना काही जाणवले होते, पण त्यांच्या वा त्यांच्या वैद्याच्या मनात हृदयाची शंका आली नाही. आमचे वर्कशॉपमधील गृहस्थ या दुसऱ्या गटात मोडतात, आणि शंका न आलेले वैद्य आम्ही. हृदयाची खालची भिंत महाप्राचीरेला लागून असते. तेथील आघातात वमन, मळमळ, स्वेद व मंद नाडी ही लक्षणे प्रधान असतात आणि वेदना आमाशयाच्या जागी भासते. दीर्घकाळच्या मधुमेहात संज्ञावाही नाड्या क्षीण झाल्याने ती वेदनाही पुरती जाणवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही रुग्णास रात्रीतून दरदरून घाम व वांती होत असेल, तर सूतशेखर देण्यापूर्वी ई.सी.जी. काढावा, असा नियम आम्ही त्या दिवसापासून स्वतःस घालून घेतला आहे.

नाडीपरीक्षेचे काय, असेही विचारले जाईल. आपल्या महाराष्ट्रात नाडीचे यांत्रिक आलेखन करण्याचे प्रयत्न निष्ठेने झाले आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नाडीतरंगांचे पृथक्करण करणारे यंत्र विकसित झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 2000 नंतरच्या दशकात झालेल्या कामातून 'नाडीतरंगिणी' पुढे आली, तीत मनगटावरील तीन स्थानी दाबमापक बसवितात. ही दोन्ही यंत्रे रक्ताच्या लाटेचा वेग व दाब टिपतात. वण हा विद्युत्‌मार्गातील खंड असल्याने तो मनगटावर उमटत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि वणाचा परिणाम, म्हणजे अवेळी पडणारा ठोका आणि त्यानंतरचा विराम, बोटांना निश्चित लागतो. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशक होय, असा शार्ङ्गधरसंहितेच्या नाडीप्रकरणाचा अभिप्राय आहे. अशी नाडी लागली तर तिची साक्ष ई.सी.जी.ने पडताळावी. नाडी पाहणाऱ्या वैद्यास त्यात कमीपणा नाही.

गल्ल्यावरची बाब

आता जी गोष्ट सांगावयाची ती चिकित्सकांइतकीच औषधालय चालविणाऱ्यांसाठीही आहे.

अवेळी ठोके बंद केले की धोका टळेल, अशी एके काळी पाश्चात्त्य वैद्यकाची दृढ समजूत होती. हृत्स्नायूचा नाश होऊन गेलेल्या, म्हणजे वण असलेल्या रुग्णांना एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे देऊन ती पडताळण्यात आली. औषधांनी ठोके खरोखर कमी झाले. परंतु 1989 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात औषध घेणाऱ्या 730 जणांपैकी 56 दगावले होते, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या 725 पैकी 22. प्रयोगाचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. ही औषधे पेशीतील सोडियमच्या मार्गावर क्रिया करतात. निरोगी हृदयाने जे सहन केले असते, ते व्रणित हृदयाला झेपले नाही.

सोडियमच्या याच मार्गावर क्रिया करणारे एक द्रव्य आपल्या फळीवर आहे. ते वत्सनाभ. फरक एवढाच, की वरील औषधे तो मार्ग रोखतात, तर वत्सनाभातील ॲकोनिटीन तो उघडा धरून ठेवते. त्याच्या विषबाधेत अवेळी ठोके आणि वेगवान, विषम हृत्स्पंदन हीच मृत्यूची वाट असते. त्रिभुवनकीर्ती, मृत्युंजय, आनंदभैरव, हिंगुलेश्वर व संजीवनी वटी या सर्वांत वत्सनाभ आहे. गोमूत्रात भिजवून व गोदुग्धात स्वेदन करून शोधन केल्यास त्याचे विषत्व पुष्कळ उतरते. आधुनिक रसायनशास्त्रही सांगते, की स्वेदनाने ॲकोनिटीनचे विघटन होऊन कमी घातक क्षारद्रव्ये बनतात. आपल्या पूर्वसूरींच्या या दृष्टीबद्दल आम्हांस अभिमान आहे. परंतु शोधन अपुरे राहिले, मात्रा वाढली, किंवा दोन कल्प एकत्र दिले गेले, तर निरोगी रुग्ण जे निभावून नेईल ते वण असलेला नेईलच असे नाही. त्याच्या हृदयात संकेत गोल फिरण्याची वाट आधीच तयार आहे. तिला निमित्त एका ठोक्याचे पुरते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या 'ई-1' परिशिष्टात वत्सनाभाचा विषारी द्रव्यांत समावेश आहे आणि अशा कल्पांच्या वेष्टणावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. सूचना छापलेली असते. पण पावसाळ्यात 'सर्दी-तापाच्या गोळ्या द्या' म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकास ती कोण वाचून दाखवितो? आमची औषधालय-चालक बंधूंना विनंती आहे, की त्रिभुवनकीर्ती मागणाऱ्या प्रौढास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: पूर्वी हृदयाचा त्रास झाला होता काय, आणि मधुमेह आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास चिठ्ठीवाचून देऊ नये. विक्री दोन-चार रुपयांनी घटेल.

यष्टिमधूचेही असेच. ते दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे चालू असलेल्या रुग्णात ते आणखी घटते, आणि पोटॅशियमची कमतरता अवेळी ठोक्यांना आमंत्रण देते. कंठ्य म्हणून चघळावयाच्या चिमूटभर चूर्णाविषयी आम्ही बोलत नाही.

आणि गुग्गुळ. वणाच्या रुग्णास आधुनिक चिकित्सक बहुधा बीटा-रोधक गटातील औषध देतात. या गटाने अकस्मात मृत्यूचे प्रमाण घटते, ही गोष्ट अनेक प्रयोगांनी सिद्ध आहे. 1994 साली मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांना त्या गटातील प्रोप्रॅनोलॉल आणि दुसरे डिल्टियाझेम ही औषधे गुग्गुलिपिडबरोबर देऊन रक्तातील प्रमाण मोजले. गुग्गुलिपिडच्या एकाच मात्रेने दोन्ही औषधांची रक्तातील पातळी लक्षणीयरीत्या घटली. अभ्यास लहान होता, पण आपल्याच मुंबईत झालेला, आणि आपल्या रोजच्या द्रव्याविषयीचा. तो व्हावयास तीस वर्षे उलटून गेली तरी आमच्या परिचयातील किती तरी वैद्यांच्या तो कानावरही नाही. आम्ही स्वतः तो त्या ज्येष्ठातील प्रसंगानंतरच वाचला, हे सांगण्यास संकोच वाटतो.

मनमाडचे ते गृहस्थ

त्या दिवशी आम्ही गृहस्थांना गुग्गुळ दिला नाही. झेरॉक्सवर लाल शाईने खूण करून त्यांना हृद्रोगतज्ज्ञाकडे नाशिकला पाठविले. त्यांच्या चिरंजीवास हे पटेना. "दुखत काहीच नाही, मग नाशिक कशाला?" असे त्याचे म्हणणे. शेवटी आम्ही त्याला कागदावरचा खड्डा आणि शेजारी स्वतःचा आलेख दाखविला, तेव्हा तो गेला. टू-डी एकोमध्ये खालची भिंत हलत नसल्याचे दिसले आणि हृदयाची उपसण्याची क्षमता 40 टक्के भरली. पुढे चोवीस तासांचे होल्टर आलेखन झाले, त्यात अवेळी ठोके आढळले. तेथील चिकित्सकांनी बीटा-रोधक, रक्त पातळ ठेवणारे व अन्य औषधे चालू केली आणि पुढील तपासणीसाठी एम.आर.आय. सुचविली. या तपासणीत गॅडोलिनियम द्रव्य वणात रेंगाळून तो पांढरा उजळतो व त्याची जाडी मोजता येते.

गुडघ्यांचे दुखणे मात्र आमच्याकडेच राहिले. महानारायण तेलाचे अभ्यंग, निर्गुंडीपत्राचा शेक, रात्री एरंडतेलाची लहान मात्रा, आणि वजन चार किलो उतरविणे, एवढ्यावर ते आता शिवाजी चौकापर्यंत चालत जातात. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने 'हृद्‌व्रण, खालची भिंत' असे लिहून त्याखाली वत्सनाभयुक्त कल्प व गुग्गुळ निषिद्ध म्हणून नोंदविले आहेत. तीच नोंद त्यांच्या खिशातील कार्डावरही करून दिली, कारण रात्रीबेरात्री ते कोणाच्या दारी जातील याचा नेम नाही.

गेल्या भाद्रपदात त्यांना ताप भरला. पत्नी आधी गावातल्या औषधाच्या दुकानात गेली आणि तिने कार्ड पुढे केले. दुकानदाराने डबी परत फळीवर ठेवून तिला आमच्याकडे पाठविले. गुळवेल, सुंठ व तुळशीचा काढा तीन दिवस दिला. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि ते नव्या ई.सी.जी.च्या तीन झेरॉक्स घेऊन आले. एक आमच्या फाईलमध्ये आहे. मूळ कागद लॅमिनेशन न करता साध्या कागदी पाकिटात ठेवला असल्याचे त्यांनी आवर्जून सांगितले.